साळिंदरगोळ्यांचं दार

बर्लिनचा ख्रिस्तियान गोटफ्रीड एरेनबर्ग 1830च्या दशकात चकमकीच्या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. काही जीव त्याने पटकन ओळखले. अंगावर तबकड्यांचं चिलखत आणि कमरेला आडवी खाच, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, पाण्यात पोहणारा एकपेशी जीव. बाकीचे होते नुसते काटेरी गोळे. ते त्याने गोड्या पाण्यातल्या झँथिडियम या हिरव्या शैवालाच्या खात्यावर जमा केले. समुद्रात तयार झालेल्या चकमकीत गोड्या पाण्याचं शैवाल शिरलं कुठून, हा प्रश्न मागे उरलाच. पुढे ओटो वेट्झेल यांनी या गोळ्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हटलं. ग्रीकमध्ये हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर. नाव झकास, पण साळिंदर नेमकं कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

उलगडा 1961 मध्ये झाला. विल्यम एव्हिट हे मुळात ट्रायलोबाइटवाले, म्हणजे त्या नामशेष कवचधारी समुद्री प्राण्यांचे अभ्यासक, आणि तेव्हा एका तेलकंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला. गोळ्यांच्या कवचाला पडलेलं भोक त्यांनी नीट पाहिलं. ते फुटून पडलेलं नव्हतं. त्याला ठरावीक जागा होती, ठरावीक आकार होता, आणि तो आकार डायनोफ्लॅजेलेटच्या चिलखतातल्या एखाद-दोन तबकड्यांशी बरोबर जुळत होता. भोक म्हणजे दार. आतला जीव त्यातून बाहेर पडला आणि रिकामं घर मागे राहिलं. साळिंदरगोळे डायनोफ्लॅजेलेटचे सिस्ट होते, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकातली ‘पुटी’. लैंगिक प्रजननानंतर हा जीव तळाशी जाऊन झोपतो तेव्हाचं जाड कवच. एव्हिट यांनी दाराला आर्किओपाइल असं नावही दिलं.

हा झाला तर्क. तो डोळ्यांनी दाखवून दिला डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी. 1960च्या दशकात अमेरिकेत वुड्स होल इथे त्यांनी तळाच्या चिखलातले जिवंत सिस्ट वेचले, प्रयोगशाळेत उबवले आणि कोणत्या काटेरी गोळ्यातून कोण बाहेर येतं ते पाहिलं. तोवर जीवाश्मवाल्यांनी सिस्टला एक नाव दिलेलं आणि प्लवकवाल्यांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासकांनी, पोहणाऱ्या पेशीला दुसरंच. हा दुहेरी कारभार अजून पुरता संपलेला नाही. नवख्या विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने त्यातच जातात, असं म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही.

गाळातल्या सिस्टवरून पाण्याचा जुना इतिहास वाचायची पद्धत मात्र साधी आणि जराशी भीतीदायक आहे. गाळाचा उभा गाभा काढायचा आणि शिसे-210 हे किरणोत्सारी शिसं वगैरे वापरून थरांचं वय ठरवायचं. मग हायड्रोक्लोरिक आम्लात शिंपल्यांचा चुरा विरघळवायचा आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू. वाळू खाणाऱ्या त्या आम्लाला सिस्टची भिंत दाद देत नाही. बारीक चाळणीवर जे उरतं त्यात परागकणांच्या सोबतीने हे तपकिरी, फिके, काटेरी गोळे सापडतात, बहुतेक 20 ते 100 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांची मोजदाद सुरू होते.

डेल पुढे नॉर्वेत गेले आणि ओस्लो शहराच्या खाडीच्या, ओस्लोफ्योर्डच्या गाळात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहराचं सांडपाणीच वाचता आलं. उद्योग आणि वस्ती वाढत गेली तसे सिस्ट वाढले, आणि त्यातही लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम हा एकच प्रकार बेसुमार माजला. 1999च्या त्यांच्या निबंधानंतर ‘लिंग्युलोडिनियम वाढलं म्हणजे पोषकद्रव्यं वाढली’ असा ठोकताळा रूढ झाला.

पण त्याच वर्षी काझुमी मात्सुओका यांनी योकोहामा बंदराच्या गाळातून निराळंच चित्र मांडलं. तिथे वाढ झाली होती ती परपोषी, म्हणजे दुसऱ्याला खाऊन जगणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्टमध्ये. सांडपाण्यावर डायॅटम नावाची सूक्ष्म शैवालं पोसली आणि डायॅटमवर हे. रोग तोच, लक्षण वेगळं. त्यात आणखी एक मेख आहे. परपोषींचे तपकिरी सिस्ट ऑक्सिजन लागला की लवकर कुजतात. म्हणून एखाद्या थरात ते जास्त दिसले, तर ते तेव्हा खरोखर जास्त होते की तळाला ऑक्सिजन नसल्यामुळे नुसते टिकले, हे आधी सोडवावं लागतं. माझ्या मते या शास्त्राला वय आलं ते इथे. एका प्रजातीवर बोट ठेवून निदान करायचे दिवस संपले.

काही सिस्ट तर अजून रिकामेही झालेले नाहीत. स्वीडनच्या कोल्यो फ्योर्डच्या तळाशी ऑक्सिजन इतका कमी की गाळ उकरायला किडेही फिरकत नाहीत. तिथले सुमारे शंभर वर्षांचे सिस्ट प्रयोगशाळेत उगवले, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली एक प्रजाती पेंटाफार्सोडिनियम डालेई, याच डेल यांच्या नावाची.

आपल्याकडे डायनोफ्लॅजेलेटची ओळख होते ती रात्री. जुहूपासून कोकणापर्यंत हिवाळ्यात निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ फिरतात. ती चमक बहुधा नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटची. अरबी समुद्रात त्याचा हिरवा प्रकार या शतकात हिवाळ्यात दूरवर पसरू लागला. तळाकडून वर येणारं कमी ऑक्सिजनचं पाणी त्याला मानवतं, असं 2014च्या एका अभ्यासाने मांडलं, आणि त्यावर वादही झाले. हा प्रकार पूर्वी कधी आला होता का, हे गाळाला विचारून वाद मिटवावा म्हटलं, तर तीही सोय नाही. सगळ्या डायनोफ्लॅजेलेटपैकी थोडेच टिकाऊ सिस्ट करतात, आणि नॉक्टिल्युका त्यातला नाही.