व्यावसायिकांची ऑनलाइन प्रसिद्धी

व्यावसायिकांची ऑनलाइन प्रसिद्धी : वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांसारख्या नोंदणीकृत व्यावसायिकांनी आपल्या छोट्या कार्यालयाची वा दवाखान्याची माहिती महाजालावर मांडण्याची रीत, तसेच त्याविषयी त्यांना दिला जाणारा सल्ला. संकेतस्थळ, नकाशावरील नोंद, व्यवसायसूचीतील नाव, लोकांचे अभिप्राय आणि समाजमाध्यमांवरील लेखन ही तिची नेहमीची अंगे होत. किराणा दुकानाला किंवा खानावळीला जो सल्ला जसाच्या तसा लागू पडतो, तो या मंडळींना लागू पडत नाही. कारण भारतात त्यांच्या प्रसिद्धीवर वैधानिक परिषदांच्या आचारसंहितांचे नियंत्रण असते आणि त्यांचा भंग थेट सनदेवर वा नोंदणीवर बेततो. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतातील स्थितीपुरती आहे.

मराठीत ‘पाटी लावणे’ म्हणजे स्वतंत्रपणे व्यवसाय सुरू करणे. हा वाक्प्रचार येथे शब्दशः लागू पडतो, कारण आचारसंहितांनी पाटीचाच विचार बारकाईने केला आहे. वकिलाची पाटी वाजवी आकाराची असावी, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठी केलेल्या २००२ च्या विनियमांनुसार पाटी अवाजवी मोठी नसावी आणि तिच्यावर नाव, विद्यापीठाची वा वैधानिक संस्थेची पदवी, उपाधी, विशेष शाखा आणि राज्य परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक यांखेरीज काही लिहू नये. शिवाय ती औषधाच्या दुकानावर किंवा डॉक्टर जेथे राहत वा काम करत नाही अशा जागी लावू नये. ऑनलाइन प्रसिद्धीविषयीचे बहुतेक वाद एका प्रश्नापाशी येऊन थांबतात : महाजालावरील नोंद ही दारावरची पाटी मानायची, की रस्त्यात उभे राहून मारलेली हाक?

जाहिरातबंदीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. अधिक प्रचलित मतानुसार ती इंग्लंडमधील ‘इन्स ऑफ कोर्ट’च्या वातावरणातून आली. तेथे वकिलीचे शिक्षण घेणारे तरुण बहुधा सधन घरांतले असत, व्यापारउदीम त्यांना हलका वाटे आणि काम मागायला जाणे कमीपणाचे. हा शिष्टाचारच पुढे नियम बनला. दुसरे मत हे मूळ कॉमन लॉमधील, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या इंग्लिश कायद्यातील, जुन्या गुन्ह्यांत शोधते : परक्याच्या दाव्याला पैसा पुरवणे, मिळकतीतील हिश्श्याच्या बोलीवर दावा लढवणे, नसती भांडणे उकरून काढून कोर्टात नेणे. लेखी नियमांचा कालक्रम मात्र सरळ नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या वकील संघटनेच्या १८८७ च्या संहितेत वृत्तपत्रातील जाहिरातीला मोकळीक होती, तर अमेरिकन बार असोसिएशनच्या १९०८ च्या संहितेने जाहिरात व परिपत्रके अनुचित ठरवली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मात्र विशिष्ट रोगांच्या रुग्णांना आवाहन करणाऱ्या जाहिराती आणि हस्तपत्रके १८४७ मध्येच व्यवसायाला न शोभणारी म्हटली होती. निदान अमेरिकेपुरते पाहता लेखी बंदी वैद्यकात आधी आणि वकिलीत मागाहून आली, असे दिसते.

भारताच्या बाबतीत दुसऱ्या मताकडे झुकण्यास जागा आहे. १८७९ च्या ‘लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट’मध्ये न्यायालयांना टाऊटांच्या, म्हणजे वकिलांना अशील मिळवून देणाऱ्या दलालांच्या, याद्या करून प्रसिद्ध करण्याचा अधिकार होता. हा कायदा २०२३ च्या दुरुस्तीने रद्द झाला, पण तीच तरतूद ‘ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१’मध्ये कलम ४५-अ म्हणून आली, यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर’ हे १९७५-७६ मधील प्रकरणही शिष्टाचाराचे नव्हते. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दाराशी उभे राहून, आलेल्या माणसाकडे धाव घेऊन, प्रसंगी आपसांत झोंबाझोंबी करून आणि फी पाडून वकीलपत्र मिळवल्याचे आरोप त्यात होते. त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वकिली हा व्यापार नव्हे, ही भूमिका ठामपणे मांडली आणि ऑनलाइन जाहिरातींविषयीच्या आजच्या निर्णयांतही तिचाच आधार घेतला जातो. कोर्टाच्या पायरीवरची ही धक्काबुक्की डोळ्यांसमोर ठेवली, तर नियमाची कठोरता निव्वळ व्हिक्टोरियन अवशेष म्हणून निकालात काढता येत नाही. अर्थात ज्या देशांतून हा नियम आला तेथे तो फार पूर्वी सैल झाला : अमेरिकेत ‘बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ ॲरिझोना’ या १९७७ च्या निकालाने, तर इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना १९८४ मध्ये परवानगी मिळाल्याने.

नियम ३६ नुसार वकिलाने परिपत्रक, जाहिरात, दलाल, वैयक्तिक पत्रव्यवहार, ओळखीविना घेतलेल्या भेटी, वृत्तपत्रांतून घडवून आणलेली चर्चा किंवा आपण चालवत असलेल्या खटल्यासंबंधी छापून आणलेले छायाचित्र यांपैकी कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, काम मागू नये. आपण बार कौन्सिलचे सदस्य आहोत वा होतो, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या कामात निष्णात आहोत, असे पाटीवर वा कागदपत्रांच्या शीर्षभागी लिहिणेही वर्ज्य आहे. सर्वोच्च न्यायालयातील व्ही. बी. जोशी यांच्या याचिकेनंतर २००८ मध्ये या नियमाला परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे पुरवणी वाक्य, जोडले गेले आणि ठरावीक अनुसूचीतील माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली : नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, राज्य बार कौन्सिलचे व वकील संघाचे नाव, शैक्षणिक अर्हता आणि कामाचे क्षेत्र, जोडीला माहिती खरी असल्याचे घोषणापत्र. मान्य तपशिलापलीकडे घातलेला मजकूर नियमभंग ठरतो. यात एक विसंगती राहून गेली आहे. ‘फौजदारी कामातील तज्ज्ञ’ असे दारावर लिहिता येत नाही, पण संकेतस्थळावर ‘कामाचे क्षेत्र : फौजदारी’ एवढे लिहिता येते. फीचा उल्लेख अनुसूचीत नाही. अनेक वकिली संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रथम एक चौकट उघडते आणि आपण स्वेच्छेने माहिती पाहत आहोत हे वाचकाला मान्य करावे लागते. नियम ३६ च्या मजकुरात अशी अट आढळत नाही, ती सावधगिरीतून रुळलेली प्रथा आहे.

व्यवसायसूची चालवणाऱ्या पोर्टलांचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. जुलै २०२४ मधील निकालात न्यायालयाने अशा पोर्टलांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्यासाठी राज्य परिषदांना कळवावे, असा आदेश बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिला आणि कौन्सिलने त्याच महिन्यात तशा सूचना काढल्या. महाराष्ट्र व गोव्यातील वकिलांच्या बाबतीत ही जबाबदारी ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’कडे येते. मार्च २०२५ मध्ये चित्रपट कलाकार आणि समाजमाध्यमांवरील प्रभावकांकरवी होणाऱ्या वकिलीच्या प्रसिद्धीविरुद्ध कौन्सिलने पुन्हा ताकीद दिली. कायद्याविषयी सर्वसाधारण माहिती देणारे लेख वा चित्रफिती यांना नियम ३६ मध्ये स्वतंत्र नाव नाही; वाद उद्भवतो तो शेवटी ‘संपर्क साधा’ म्हणून दूरध्वनी क्रमांक झळकतो तेव्हा.

डॉक्टरांच्या २००२ च्या विनियमांत महाजालाचा विचार जवळपास नाहीच. ते वृत्तपत्रांच्या काळाचे आहेत. व्यवसाय सुरू करणे, त्याचा प्रकार वा पत्ता बदलणे, काही काळ गैरहजर राहणे, परत रुजू होणे, दुसऱ्याचा दवाखाना चालवायला घेणे आणि शुल्काची जाहीर घोषणा, एवढ्या प्रसंगी औपचारिक निवेदन छापता येते. पाटीवर वा पत्रशीर्षावर स्वतःचे छायाचित्र छापणे ही आत्मप्रसिद्धी ठरते, मात्र शरीररचनेची चित्रे चालतात. याउलट रुग्णालयाला वा प्रसूतिगृहाला संस्था म्हणून नाव, दाखल होणाऱ्या रुग्णांचा प्रकार, सोयी व शुल्क यांची जाहिरात करता येते. परिणामी मोठ्या रुग्णालयाचा फलक महामार्गावर दिसतो, पण गल्लीतल्या एकट्या डॉक्टरला मोठ्या अक्षरांची पाटीही जपून लावावी लागते. नियम लहानांनाच अधिक जाचतो, हा आक्षेप यामुळे निराधार म्हणता येत नाही. वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले. त्यांत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन होते : अनुयायी वा पसंती विकत घेऊ नयेत, रुग्णांची प्रशस्तिपत्रे मागू वा पसरवू नयेत, बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे वा शस्त्रक्रियेच्या चित्रफिती टाकू नयेत. त्याच महिन्यात हे विनियम स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. स्थगित मजकूर बंधनकारक नसला तरी आयोगाच्या मनाचा कल त्यातून कळतो, म्हणून जाणते सल्लागार तो प्रमाण मानून चालतात.

सनदी लेखापालांच्या संस्थेने या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर दिले आहे, असे म्हणता येईल. १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील खंड ६ व ७ अनुक्रमे काम मागण्यास आणि जाहिरातीस मज्जाव करतात. २००६ च्या दुरुस्तीनंतर संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांच्या चौकटीत आपल्या सेवांची माहिती देणारे टिपण प्रसिद्ध करता येऊ लागले आणि २००८ च्या सूचनांनी त्यातील अक्षरांच्या आकारालाही मर्यादा घातली. संकेतस्थळांसाठी संस्थेने ‘पुल’ आणि ‘पुश’ असा भेद केला. शोधत आलेल्याला माहिती मिळावी, हे पहिले. ती न मागणाऱ्यापुढे लोटणे, हे दुसरे. पहिले मान्य, दुसरे अमान्य ठरवले गेले. वकील व डॉक्टरांच्या नियमांत हा भेद इतक्या स्पष्टपणे सांगितलेला नाही, पण त्यांचा रोख तोच आहे. वास्तुविशारदांना १९८९ चे, तर दंतवैद्यांना २०१४ चे स्वतंत्र नियम लागू आहेत; आयुर्वेद व होमिओपॅथीच्या व्यावसायिकांची नियमने वेगळी आहेत.

या चौकटीत बसणाऱ्या सल्ल्यात नकाशावरील नोंद प्रथम येते. गूगलची ही सेवा २०१४ पासून ‘माय बिझनेस’ आणि २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने चालते. नोंदीत नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखे असावेत, असे सांगितले जाते. मराठी नावांच्या बाबतीत हे दिसते तितके सोपे नाही : कुलकर्णी व कुळकर्णी, दीक्षित व दिक्षित अशी रूपे देवनागरीतच दुहेरी आहेत आणि रोमन लिपीत त्यांची आणखी तीन-चार होतात. पदवीच्या कागदावर एक, परिषदेच्या नोंदवहीत दुसरे आणि सूचीत तिसरे रूप असेल, तर एकाच दवाखान्याच्या दोन नोंदी तयार होतात आणि अभिप्राय दोन्हींत विभागले जातात. पत्त्याचेही तसेच आहे. ‘मारुती मंदिरासमोर, बोळात, पहिला मजला’ हा पत्ता पोस्टमनला पुरतो, नकाशाला पुरत नाही. खूण मागच्या गल्लीत पडली की रुग्ण बंद दारापाशी पोहोचतो. दुपारी एक ते पाच दवाखाना बंद असेल तर वेळ दोन सत्रांत भरावी लागते, नाहीतर तो दिवसभर उघडा दिसतो. नावाच्याच रकान्यात ‘उत्तम हृदयरोगतज्ज्ञ, पुणे’ अशी शब्दांची भर घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो त्या सेवेच्या धोरणाविरुद्ध आहे आणि डॉक्टरच्या बाबतीत विनियमांच्याही.

अभिप्रायांची बाजू अधिक नाजूक आहे. पैसे वा सवलत देऊन अभिप्राय मिळवणे गूगलच्या धोरणात बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानकही काढले आहे. प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देताना गोपनीयतेचा भंग होण्याची शक्यता सर्वाधिक असते. ‘तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत’ असे एक वाक्य लिहिले, तरी त्या व्यक्तीचा आजार चारचौघांत उघड होतो आणि २००२ च्या विनियमांतील गोपनीयतेची तरतूद लागू होते; वकील-अशील संभाषणाला ‘भारतीय साक्ष अधिनियम, २०२३’च्या कलम १३२ चे संरक्षण आहे. त्यामुळे ‘कृपया दवाखान्यात संपर्क साधावा’ एवढेच उत्तर सुरक्षित मानतात.

शोधयंत्रावरील सशुल्क जाहिरात ‘पुश’मध्ये मोडते, असे सामान्यतः धरले जाते. तिचा एक प्रकार तर फौजदारी गुन्हाच आहे. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीवर १९९४ च्या केंद्रीय कायद्याचे कलम २२ बंदी घालते आणि त्यात महाजालाचाही समावेश आहे. महाराष्ट्राने या विषयावरचा कायदा त्याआधी, १९८८ मध्ये, केला होता. ‘साबू मॅथ्यू जॉर्ज विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांना अशा जाहिराती रोखण्यास भाग पाडले. हमखास गुण येण्याचे दावे १९५४ च्या चमत्कारिक उपाय व औषधांविषयीच्या कायद्याखाली, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिराती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचे १९९५ पासून प्रस्थापित आहे; वकिलांची सेवा त्याबाहेर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला.

व्यवसाय हा धंदा नव्हे, या भूमिकेला मुंबई इलाख्यातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्याने पूर्वी आधार मिळाला होता. वकिलाचे कार्यालय त्या कायद्याखालील आस्थापना नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने नागपूरच्या खेर्डेकर प्रकरणात, तर डॉक्टरचा खाजगी दवाखाना ही व्यापारी आस्थापना नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सुरती प्रकरणात ठरवले. दोन्ही निकाल १९६० च्या दशकातील आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्यात मात्र आस्थापनेच्या व्याख्येत डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापाल व कर सल्लागार यांचा उल्लेख आला. आस्थापनेचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असण्याची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही लागू झाली. ही सक्ती भिंतीवरच्या फलकाची आहे. नकाशावरील नोंद अजून बहुधा रोमन लिपीतच भरली जाते.