युतो नागातोमोची समाजमाध्यमांवरील लोकप्रियता

युतो नागातोमो (जन्म : १२ सप्टेंबर १९८६, साइजो, एहिमे प्रांत) हा जपानचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. फुटबॉलमध्ये बचावपटू सहसा इंटरनेटचा लाडका होत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत गोल दिसतो, तो होऊ न देणारा माणूस दिसत नाही. नागातोमो या नियमाला अपवाद ठरला, तो खेळाइतकाच आवाजामुळे आणि मोकळ्या स्वभावामुळे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात जपानने जर्मनीला २-१ असे हरवले. सामन्यानंतरच्या मुलाखतीत नागातोमो कॅमेऱ्यासमोर ‘ब्राव्हो!’ असे जीव तोडून ओरडला. ही आरोळी जपानभर पसरली. त्या स्पर्धेचे सर्व ६४ सामने जपानमध्ये ‘अबेमा’ या इंटरनेट वाहिनीने विनामूल्य दाखवले, त्यामुळे सामना पाहणे आणि त्यावर बोलणे एकाच पडद्यावर आले होते. कोस्टारिकाकडून ०-१ अशी हार पत्करल्यावर संघावर टीका झाली, पण १ डिसेंबरला स्पेनही २-१ ने हरला आणि ‘ब्राव्हो’ पुन्हा घुमले. जर्मनी आणि स्पेन या दोन्ही सामन्यांत छत्तिशीतल्या नागातोमोला उत्तरार्धात बाहेर काढून सहकारी, वेगवान मितोमाला आणले गेले होते. मैदानावरचा बराचसा वेळ दुसऱ्याला देऊनही विजयाचा चेहरा तोच राहिला, हे विशेष.

हे प्रेम एका दिवसात जमलेले नाही. मेजी विद्यापीठात पाठीच्या दुखण्यामुळे खेळ थांबला, तेव्हा तो प्रेक्षकांत बसून संघासाठी ढोल वाजवत असे. ओरडून दुसऱ्याला बळ देण्याची सवय तिथली असावी. २०१० साली तो इटलीच्या चेझेना क्लबात गेला. २९ जानेवारी २०११ रोजी दोहा येथील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, सहकारी तादानारी लीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध निर्णायक गोल केला आणि दोनच दिवसांत इंटर मिलानने नागातोमोला घेतले. तिथे गोल केल्यावर कर्णधार झानेत्तीसोबत त्याने कमरेत वाकून केलेले जपानी अभिवादन, म्हणजे ‘ओजिगी’, इटालियन चाहत्यांनी उचलून धरले. उंची जेमतेम १७० सेंटीमीटर, पण धाव न संपणारी. पुढे तो गलातासराय आणि मार्सेय या क्लबांकडून खेळला आणि २०२१ साली एफसी टोक्योत परतला.

समाजमाध्यमांनी त्याला चटकेही दिले. २०१८ च्या विश्वचषकापूर्वी संघातील खेळाडूंचे वय वाढल्याची कुजबुज सुरू होती. वयावरून निवाडा करणाऱ्यांना फुटबॉल कळत नाही, अशा अर्थाचे ट्विट त्याने केले आणि टीकेची झोड उठली. मग स्पर्धेच्या तोंडावर तो सोनेरी केस करून आला. ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी कार्टूनमधल्या सोनेरी केसांच्या सुपर सायानशी त्याची तुलना झाली आणि चिडलेले लोकही हसले. सेनेगलविरुद्ध (२-२) सहकारी इनुईने केलेल्या गोलाच्या आधी चेंडू नागातोमोनेच सांभाळून दिला होता. वयाच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर कुठल्या ट्विटला देता आले नसते.

त्याचे अनुकरण शाळकरी मुलांपासून विनोदी कलाकारांपर्यंत झाले. ‘ब्राव्हो’ हा मूळचा इटालियन शब्द. सात वर्षे मिलानमध्ये राहिलेल्या माणसाच्या तोंडी तो सहज आला आणि म्हणूनच तो खोटा वाटला नाही.