नोकरी न सोडता पदवी : ग्रामीण विदर्भातील परिचारिकांच्या दूरस्थ शिक्षणामागचा इतिहास

भामरागड, धारणी किंवा झरी-जामणीसारख्या तालुक्यांत काम करणाऱ्या परिचारिकांपैकी बऱ्याचजणी बारावीनंतर जीएनएमची (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) पदविका घेऊन थेट वॉर्डात उभ्या राहिलेल्या असतात. घरात लवकर पगार येणे गरजेचे असते, त्यामुळे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा विचार त्या वयात परवडत नाही. दहा-बारा वर्षे नोकरी झाल्यावर पाठ्यनिर्देशिका (परिचर्या शिकवणारी शिक्षिका) व्हावे किंवा पुढे एम.एस्सी. करावे असे वाटू लागते, आणि तेव्हा पदवीवाचून वाट अडते. ही अडचण प्रत्येक सिस्टरला स्वतःची वाटते, पण तिची मुळे पाऊणशे वर्षे मागे जातात.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करण्यासाठी 1943 साली नेमलेल्या भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला आणि त्यात परिचारिकांची तीव्र टंचाई स्पष्टपणे मांडली गेली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, तर 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद केली. म्हणजे पदवी आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच आली होती. तरीही देशाची रुग्णालये चालली ती पदविकेवर, आणि त्याचे कारण साधे होते. रुग्णालयाला जोडलेल्या शाळेतील विद्यार्थिनी शिकता शिकता वॉर्डही सांभाळत असे, तिला विद्यावेतन मिळे, आणि रुग्णालयाला मनुष्यबळ मिळे. गरीब घरातील मुलींसाठी हे दार खरोखर मोलाचे ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच व्यवस्थेने पदवीधर आणि पदविकाधारक असे दोन थर निर्माण केले, आणि खेड्यांच्या वाट्याला दुसरा थर आला.

विदर्भात यात आणखी एक गुंता होता. हा प्रदेश 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात राहिला. परिचारिकांची नोंदणीही या फेरबदलांतून गेली आणि 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानंतर ती राज्यभर एका चौकटीत आली.

पदविकाधारकांना वर चढता यावे म्हणून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम आला. तो उत्तम होता, मात्र त्यासाठी दोन वर्षे महाविद्यालयात राहावे लागे, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात मुळातच पदे रिक्त आहेत तिथून अभ्यास रजेवर कुणाला सोडणार, हा प्रश्न वरिष्ठांनाही सुटत नसे. खासगी नोकरीतल्या परिचारिकेला तर रजेचा प्रश्नच नव्हता. तिला राजीनामाच द्यावा लागे.

या ठिकाणी दूरस्थ शिक्षण उपयोगी पडले. 1985 साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, 1991 मध्ये आरोग्यविज्ञान विद्याशाखा सुरू केली आणि 1994 पासून भारतीय परिचर्या परिषदेच्या सहकार्याने पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरस्थ पद्धतीने उपलब्ध केले. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा, हा किमान तीन वर्षांचा. नोंदणीकृत परिचारिका-प्रसविका असणे आणि नोकरीचा अनुभव असणे या मूळ अटी ठेवल्या गेल्या. बारावी झालेल्यांना दोन वर्षांचा अनुभव पुरे, तर केवळ दहावीच्या आधारावर जुन्या काळी पदविका घेतलेल्यांना पाच वर्षांचा. माझ्या मते या अभ्यासक्रमातील सर्वांत न्याय्य कलम हेच, कारण त्यात वॉर्डात घालवलेली वर्षे शिक्षणाच्या हिशेबात धरली गेली.

अर्थात परिचर्या केवळ पुस्तकातून शिकता येत नाही. म्हणून छापील पाठ्यपुस्तकांबरोबर अभ्यास केंद्रातील समुपदेशन आणि प्रात्यक्षिके सक्तीची ठेवली गेली, आणि ती योग्यच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे दूरस्थ पद्धतीने चालवता न येणाऱ्या अभ्यासक्रमांच्या यादीत परिचर्येचे नाव घातले, त्यामागेही हीच काळजी होती. इग्नूचा अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यतेमुळे टिकला. याचा व्यावहारिक अर्थ प्रत्येक सिस्टरने ध्यानात ठेवावा असा आहे : ‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी परिषदेची मान्यता तपासावी, कारण मान्यता नसलेल्या पदवीची राज्य परिषदेकडे नोंद होत नाही.

2017 च्या सुमारास इग्नूनेच परिचारिकांसाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, आणि 2018 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागल्यावर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्येच्या पदवीधरांनाही ते खुले झाल्याने पदवीचा संबंध थेट गावातल्या कामाशी जोडला गेला.

दूरस्थ पदवी स्वस्त पडते का, याचा हिशेब करताना मात्र केवळ विद्यापीठाचे शुल्क पाहून चालत नाही. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. प्रात्यक्षिकांसाठी शहरात राहण्याचा खर्च, बुडालेला पगार, मागे राहिलेली लेकरे आणि इंग्रजी माध्यमातील पुस्तके, हे सारे त्या शुल्कापेक्षा जड असते. जिल्हा रुग्णालयांजवळच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांची सोय झाली, तर यातले पहिले दोन खर्च पुष्कळ कमी होतील.