गटांची दोन दिवसांत वाटणी (मोजणी)

काही गट, एकही न फोडता, दोन दिवसांवर किती प्रकारे बसवता येतील हे मोजायचं, एवढाच हा विषय. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यातला आहे पण खरा कळतो तो ड्युट्या लावायला बसल्यावर.

पुण्यात पालख्यांचा मुक्काम साधारण दोन दिवस असतो, माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. समजा तिथे वारकऱ्यांना चहा-पोहे द्यायला, पाय चेपून द्यायला सहा गट तयार आहेत, माणसं १२, ९, ८, ७, ५ आणि ३, म्हणजे एकूण ४४. प्रत्येक गटापुढे दोनच पर्याय, आजचा दिवस नाहीतर उद्याचा, म्हणून २ चा सहावा घात, ६४ प्रकार. हेच ४४ जण सुटे सुटे वाटले असते तर आकडा १७ लाख कोटींच्या वर गेला असता, गट अख्खा ठेवल्याने काम किती आटोक्यात येतं बघा!

हे ६४ आपल्याकडे फार जुने आहेत. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू लावतो ना, तेच हे, लघु म्हणजे आज आणि गुरू म्हणजे उद्या धरा, पिंगलाच्या छंदशास्त्रात सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूने होणारे प्रकार ६४ च. त्यातले किती गुरू असलेले किती, हे मेरुप्रस्ताराच्या, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाच्या, ओळीत मिळतं: १, ६, १५, २०, १५, ६, १. मधले २० म्हणजे दोन्ही दिवशी तीन-तीन गट. कुठलाच दिवस रिकामा नको असेल तर ६४ मधून दोन टोकं काढायची, ६२. दोन गटांचा टेम्पो एकच असेल तर त्यांना एकच गट धरायचं, मग ६४ चे उरले ३२. दिवस कुठला याने फरक पडत नसेल तर निम्मे करायचे, पण पालखीला फरक पडतोच, पहिल्या दिवशी ती पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाची रांग असते.

खरी गंमत माणसांच्या आकड्याने येते. मंडपात एका दिवशी २५ च माणसं मावत असतील तर ६४ पैकी १८ च वाटण्या चालतात, आणि बरोबर २२-२२ हव्या असतील तर जोडी एकच, १२+७+३ आणि ९+८+५, दिवस उलटे धरून दोन प्रकार. अशी समान वाटणी होते का हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्पच्या १९७२ च्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत आहे. तरी आकडे लहान असले की कागदावर जमतं, सगळ्या वाटण्या लिहायच्या नाहीत, ० ते ४४ खाने आखायचे आणि एकेक गट घेत कुठल्या बेरजेला किती वाटांनी पोचतो तेवढं भरत जायचं. तिघांच्या गटात ऐनवेळी एकजण वाढला तर बेरीज ४५, समान वाटण्या शून्य, आणि २५ च्या मर्यादेत बसणाऱ्या १८ च्या १६ होतात.