पेडल बदललं तर वॉट तेच राहतील का?

रोड रेसिंगचे बूट घालून गुळगुळीत फरशीवर चालून पाहा. तळव्याला तीन बोल्टांनी बसवलेली त्रिकोणी प्लॅस्टिकची क्लीट, म्हणजे बूट पेडलात अडकवणारा तुकडा, सोलच्या बाहेर आलेली असते. चवडा वर उचलला जातो, टाच खाली राहते आणि ओल्या फरशीवर पाय सटकतो. माउंटन बाइकच्या बुटात हा त्रास नाही. तिथली क्लीट छोटी, स्टीलची, दोनच बोल्टांची असते आणि सोलच्या खाचेत दडलेली असते. माणूस त्या बुटांनी सरळ चालतो, पायऱ्या चढतो, वेळ आली तर सायकल खांद्यावर घेऊन चिखलही तुडवतो.

म्हणून ही दोन बोल्टांची एसपीडी पद्धत डोंगरवाटांपुरती राहिलेली नाही. पुण्या-मुंबईत, नाशिकला ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्या कितीतरी जणांच्या रोड सायकलला एसपीडी पेडल दिसतात. 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या राइडमध्ये वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कंट्रोलवर, उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, टपरीवर चहा घ्यायचा, पेट्रोल पंपावर पाणी भरायचं. दिवसभर पायात राहणारा बूट चालता येईल असाच हवा.

अडचण येते ती पॉवर मीटर घ्यायची वेळ झाली की. पायांनी किती वॉट शक्ती लावली हे मोजणारी पेडल बरीच वर्षं प्रामुख्याने रोड क्लीटसाठीच निघत होती. त्यातून हौशी लोकांना एक कल्पना सुचली: रोडच्या पेडलातलं मोजणारं अंग काढायचं आणि ते एसपीडी पेडलाच्या सांगाड्यात बसवायचं. हे जमतं. पण मग मीटरचं वाचन, म्हणजे तो दाखवतो तो वॉटचा आकडा, खरं राहतं का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना शाळेतल्या यांत्रिकीचा बराच भाग हाताने तपासता येतो, म्हणून मला हा विषय फार आवडतो.

क्लिपलेस पेडलांचा, म्हणजे क्लीट अडकवून बूट धरणाऱ्या पेडलांचा, जमाना फ्रान्सच्या लुक कंपनीने आणला. स्कीच्या बाइंडिंगवरून तिने पेडल बनवलं आणि 1985 साली बर्नार्ड इनोने तेच वापरून टूर द फ्रान्स जिंकली. 1990 मध्ये जपानच्या शिमानोने दोन बोल्टांची एसपीडी आणली. दोन पद्धतींच्या क्लीट वेगळ्या, बूट वेगळे, पेडलाचा वरचा सांगाडा वेगळा. सांगाड्याच्या आत मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट असते: बेअरिंगवर फिरणारा स्टीलचा आस, ज्याला सगळे स्पिंडल म्हणतात.

मोजमाप या स्पिंडलमध्येच होतं. स्पिंडल क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं त्या दांड्यात, घट्ट आवळलेलं असतं आणि क्रँकबरोबरच फिरतं. सांगाडा त्याच्याभोवती मोकळा फिरतो, कारण पाऊल जवळपास आडवंच राहतं. आता, सायकल पुढे नेण्याच्या कामी येतं ते फक्त क्रँकला काटकोनात लागणारं बल. क्रँकच्या लांबीच्या दिशेने दिलेला जोर चाक फिरवत नाही. क्रँक आणि स्पिंडल यांचा एकमेकांशी कोन बदलत नसल्यामुळे स्पिंडलवर चिकटवलेल्या सेन्सरला ती काटकोनी दिशा कायम ठाऊक असते. टाच वर असो वा खाली, बूट रोडचा असो वा डोंगरी, त्याला फरक पडत नाही. सांगाडा बदलण्याची कल्पना मुळात टिकते ती याच कारणाने.

सेन्सर म्हणजे स्ट्रेन गेज, पातळ पट्टीवरची नागमोडी धातूची रेघ. अमेरिकेत 1938 च्या सुमारास एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. स्पिंडल वाकलं की रेघ किंचित ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. हे ‘किंचित’ किती, ते पाहण्यासारखं आहे. 350 ओहमच्या गेजची लांबी दहा हजारांत एक भाग वाढली, तर रोध फक्त 0.07 ओहमने बदलतो. उलट स्टील 10 अंश तापलं तर ते नुसतं प्रसरण पावूनच याहून थोडं जास्त लांबतं. म्हणजे सकाळच्या गारव्यात निघून उन्हात घाट चढायला लागलात, की तापमानामुळे होणारी लांबी पायाच्या जोरामुळे होणाऱ्या लांबीला झाकून टाकू शकते. त्यावर उपाय म्हणून गेज स्पिंडलच्या समोरासमोरच्या बाजूंना लावून व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांमधला बारीक फरक मोजणाऱ्या सर्किटमध्ये, जोडतात. उष्णतेने दोन्ही बाजू सारख्या वाढतात, तो परिणाम एकमेकांत कटतो. वाकताना एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, तो फरक तेवढा उरतो. उरलीसुरली गडबड घालवायला राइडच्या आधी, पेडलवर पाय न ठेवता, झीरो ऑफसेट घेतात, म्हणजे जोर नसतानाचं वाचन शून्य धरायला लावतात.

पुढचा हिशोब सोपा आहे. काटकोनी बल गुणिले क्रँकची लांबी म्हणजे टॉर्क, आणि टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे शक्ती. 170 मिलिमीटरचा क्रँक मिनिटाला 90 फेरे फिरत असेल तर पेडल सेकंदाला 1.6 मीटर वेगाने गोल जातं. 200 वॉट काढायला दोन्ही पायांचं मिळून सरासरी 125 न्यूटन बल पुरतं, साधारण पावणेतेरा किलोचं वजन. ॲपमध्ये क्रँकची लांबी चुकून 175 टाकली तर वाचन सुमारे तीन टक्के फुगतं, म्हणजे 200 वॉटला सहा वॉट. सांगाड्याची काळजी करत बसण्याआधी हा आकडा बघून घ्यावा.

आता मूळ प्रश्न. रोड क्लीट रुंद असते, एसपीडीची अरुंद. सांगाडा बदलला की पायाचा जोर स्पिंडलवर ज्या जागी पडतो ती जागा क्रँकपासून काही मिलिमीटर आत-बाहेर सरकते. सेन्सर एकाच जागचं वाकणं मोजत असेल तर ही सरक घातक आहे, कारण वाकवणारं आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर. जोर गेजपासून 30 मिलिमीटरवर पडत होता आणि आता 33 वर पडू लागला, तर पाय तोच असून वाचन 10 टक्क्यांनी वाढेल.

यातून सुटण्याची वाट सुंदर आहे. गेज दोन जागी लावायचे, समजा एकमेकांपासून 10 मिलिमीटरवर. जोर पहिल्या गेजपासून 32 आणि दुसऱ्यापासून 22 मिलिमीटरवर असेल तर दोन आघूर्णांतला फरक होतो बल गुणिले 10. जोर सहा मिलिमीटर बाहेर सरकला तर अंतरं 38 आणि 28 होतात, फरक पुन्हा बल गुणिले 10. जागा समीकरणातून गळून जाते. अशा रचनेच्या स्पिंडलला पाय कुठे ठेवला याने फरक पडत नाही आणि सांगाडा बदलूनही ते खरं बोलतं.

आपलं स्पिंडल कोणत्या प्रकारचं, हे घरी तपासता येतं. सायकल स्टँडवर पक्की करा, क्रँक अगदी आडवा राहील असा मागच्या चाकाचा ब्रेक पट्ट्याने बांधून ठेवा आणि पेडलाला नीट तोललेलं 20 किलोचं वजन अडकवा. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर टॉर्क सुमारे 33.3 न्यूटन-मीटर यायला हवा. मग तेच वजन आधी पेडलाच्या आतल्या कडेला आणि नंतर बाहेरच्या कडेला लटकवा. दोन्ही वेळा आकडा तोच आला तर रूपांतराला हरकत नाही. आकडा सरकला, तर नवीन सांगाड्यावर वाचन किती घसरेल याचा अंदाजही त्यातच मिळतो. ही चाचणी सांगाडा बदलण्याआधी एकदा आणि नंतर एकदा केलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. फोरमवर दहा जणांनी ‘मस्त चालतं’ म्हटल्याने आपल्या स्पिंडलची खात्री होत नाही.

प्रत्यक्षात हे प्रयोग जास्त झाले ते इटलीच्या फवेरो कंपनीच्या असिओमा पेडलांवर. ही कंपनी तलवारबाजीच्या स्पर्धांची गुण दाखवणारी उपकरणंही बनवते. 2017 सालच्या असिओमात स्पिंडलच्या क्रँकजवळच्या टोकाला बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक डबा असतो. 2021 मध्ये त्यांनी ड्युओ-शी आणलं. त्यात सांगाडा मिळतच नाही, फक्त स्पिंडल मिळतं, आणि ते शिमानोच्या ठरावीक रोड पेडलांत घालायचं असतं. हौशी मंडळींनी ते शिमानोच्या एसपीडी सांगाड्यांत घालून पाहिलं. कंपनीने त्याला मान्यता दिली नव्हती, त्यामुळे वॉरंटी गेली असंच धरून चालावं.

शिमानोचा सांगाडा उघडताना आट्यांकडे लक्ष हवं. डाव्या पेडलाचे क्रँकमध्ये जाणारे आटे उलटे असतात, हे सायकलच्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं. स्पिंडलला सांगाड्यात धरून ठेवणाऱ्या चुडीचं मात्र बरोबर विरुद्ध आहे: तिथे उजव्या पेडलाचे आटे उलटे. सवयीच्या दिशेने जोर लावला तर चुडी उघडण्याऐवजी आवळत जाते आणि आटे घासतात. बसवल्यावर सांगाडा हाताने फिरवून पाहा. तो मोकळा फिरावा, पण आडवा हलवल्यावर खुळखुळ नको. स्पिंडल क्रँकमध्ये पुन्हा आवळलं की ते आधीच्याच कोनावर थांबेल असं नाही, म्हणून कॅलिब्रेशन नव्याने करावंच लागतं.

याहून मोठी गफलत बुटामुळे होते. पायाचा सगळा जोर सांगाड्यातून स्पिंडलमध्ये आणि तिथून क्रँकमध्ये जायला हवा. डोंगरी बुटाचं सोल रुंद आणि खाचाखाचांचं असतं. त्याची आतली कड क्रँकवर टेकली तर जोराचा काही भाग स्पिंडलला वगळून थेट क्रँकमध्ये जातो आणि सेन्सरला तो कधी कळतच नाही. सोल इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यावर घासलं तर वाचनही बिघडतं आणि डबाही झिजतो. क्रँकवर किंवा डब्यावर घासल्याची चमकदार रेघ दिसली तर क्लीट आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे पाऊल बाहेर जाईल.

पाऊल बाहेर जाण्यालाही मर्यादा आहे. डब्याला जागा करून द्यायची म्हणून ड्युओ-शीत पेडलाचा मध्य क्रँकपासून 65 मिलिमीटरवर येतो. साध्या एसपीडी पेडलात हे अंतर 53 ते 55 असतं. म्हणजे दोन्ही पावलं मिळून जवळपास दोन सेंटिमीटर फाकतात. काहींना ते जाणवतही नाही. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी लांब राइडला निघण्याआधी थोड्या अंतरावर चालवून पाहावं.

वजनाची चाचणी शक्य नसेल तर घाट आहेच. सायकल धरून 80 किलो वजन, आठ किलोमीटरची चढण, 500 मीटर उंची आणि 50 मिनिटं वेळ असं धरा. नुसतं वजन वर न्यायलाच 131 वॉट लागतात. टायरचं घर्षण साधारण 10, हवेचा विरोध चारेक आणि साखळीतली गळती चार-पाच वॉट मिळवली की 150 च्या आसपास आकडा यायला हवा. मीटरने 180 दाखवले तर काहीतरी नक्की बिघडलंय. 147 आणि 153 यांतला फरक मात्र या पद्धतीने ठरत नाही, तेवढा वाऱ्याच्या झुळकीनेही पडतो.

डांबरी रस्ता, ब्रेव्हे, फार तर मुरमाचा कच्चा रस्ता एवढंच चालवायचं असेल आणि रोडचं पॉवर मीटर आधीच घरात असेल, तर मी हा खटाटोप करावा असंच सांगेन. दगडधोंड्यांच्या ट्रेलवर तो करू नये. तिथे पेडल दगडावर आपटतंच, आणि उघड्यावरचा तो डबा रस्त्यासाठी बनलेला आहे. अशा वाटांसाठी आता मुळातच एसपीडी असलेली पॉवर मीटर पेडल मिळतात. गार्मिनने 2021 मध्ये रॅली आणली. तिच्यात तेच स्पिंडल रोड किंवा डोंगरी सांगाड्यात घालण्याचे किट कंपनी स्वतःच विकते. फवेरोने 2024 मध्ये असिओमा प्रो एमएक्स काढली आणि इलेक्ट्रॉनिक्स बाहेरच्या डब्यातून स्पिंडलच्या पोटात नेलं.