लॅपटॉप नेमका कधी हँग होतो?

मे महिन्यात लॅपटॉप हँग व्हायला लागला की ठाणेकर आधी उन्हाला नावं ठेवतात, मग घोडबंदर रोडच्या धुळीला. दोन्हींत तथ्य आहे. एसी ऑफिसात २४ अंशांना जो प्रोसेसर ८० अंशांवर टिकतो, तोच घरी ३६ अंशांच्या खोलीत तेवढंच काम करताना साधारण ९२ वर जातो. खोली जितकी तापते, तितकाच तोही. त्यात पंख्यापुढच्या बारीक पत्र्यांमध्ये धूळ आणि केस अडकून नमद्यासारखा थर बसला, की पंखा नुसता ओरडतो, वारा बाहेर येतच नाही.

पण तापलेला प्रोसेसर सहसा गोठत नाही. बहुतेक चिप १०० अंशांच्या आसपास पोचल्या की आपला वेग आणि व्होल्टेज स्वतःच उतरवतात. वीजखर्च वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले तरी तो जवळपास २७ टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन सरळ बंद. म्हणजे उष्णतेची खूण रेंगाळणं किंवा एकदम बंद पडणं.

स्क्रीन जशीच्या तशी, माउस हलत नाही, पंखा शांत, आणि तेही कुणी लॅपटॉपला हात लावत नसताना? मग प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून काही होणार नाही. काम नसताना प्रोसेसरचे कोअर, म्हणजे त्यातले काम करणारे गाभे, झोपतात. सी१ मध्ये हलकी डुलकी, सी६ मध्ये कोअरची वीज जवळपास तोडलेली. कुठल्या झोपा उपलब्ध आहेत, हे बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डवरच साठवलेलं सॉफ्टवेअर) एसीपीआय या १९९६ च्या मानकाच्या तक्त्यांतून ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो. जागं होताना व्होल्टेज वेळेत चढलं नाही, तर कोअर उठतच नाही. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर लिनक्स वापरणाऱ्यांनी हे पुरेपूर भोगलं. गाढ झोप बंद केली की हँग थांबायचं, बॅटरी मात्र लवकर उतरायची.

आणखी एक छळवादी प्रकार आहे. मदरबोर्डवर 'प्रॉकहॉट' नावाचा, 'प्रोसेसर तापलाय, वेग उतरवा' असं सांगणारा सिग्नल असतो. तो प्रोसेसरखेरीज बोर्डवरचा कंट्रोलरही देऊ शकतो, कधी तर नुसता चार्जर ओळखू आला नाही म्हणून. मग तापमान ४५ अंश, आणि वेग मात्र ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला! अशा वेळी दुसरा, मूळ कंपनीचा चार्जर लावून बघणं सगळ्यात स्वस्त.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन आधी नीट बंद झालं नव्हतं. कामाची नोंद ३७ क्रमांकाची: फर्मवेअरने (बायोससारख्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसरचा वेग रोखला, असं ती सांगते. ती दिसली, किंवा रिकामं असताना हँग होत असेल, तर आपल्याच मॉडेलचा नवा बायोस कंपनीच्या साइटवरून घ्या. अपडेटच्या वेळी बॅटरी भरलेली हवी, चार्जर लावलेला हवा, आणि महावितरणचा शटडाउन असेल त्या दिवशी तर हा उद्योग नकोच.