धूमकेतूची दुपार

२०२५च्या दिवाळीनंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. थ्रीआय ॲटलास हा धूमकेतू स्वतःच्या जोरावर मार्ग बदलतोय, म्हणजे त्याला इंजिन आहे आणि आत कोणीतरी बसलंय! खाली एका काकांनी धूमकेतू दिसणं अशुभच, असंही लिहिलं.

मार्ग किंचित ढळला, हे खरं. गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडून जो मार्ग येतो, त्याला धूमकेतू तंतोतंत धरून कधीच चालत नाहीत. त्यांना वायूचे झोत ढकलत असतात.

देवघरातली कापराची डबी उघडी राहिली की वड्या झिजत जातात, पण डबीत ओल सापडत नाही. शाळेत शिकलेलं संप्लवन ते हेच. अवकाशात हवेचा दाब नसतो, त्यामुळे धूमकेतूच्या केंद्रकातला, म्हणजे त्याच्या मधल्या घट्ट गोळ्यातला बर्फही वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो. कार्बन मोनॉक्साइड सूर्यापासून फार लांब असतानाच निघतो, मग कार्बन डायऑक्साइड; पाण्याचा बर्फ जोरात उडायला लागतो तो बराच जवळ आल्यावर. थ्रीआय ॲटलासकडे जेम्स वेब दुर्बिणीने ऑगस्ट २०२५मध्ये पाहिलं, तेव्हा पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड निघत होता. ६७पी या धूमकेतूभोवती फिरलेल्या रोझेटा यानाला तर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडही सापडले. म्हणजे गोठ्याचा आणि सडक्या अंड्यांचा वास!

आता मला सर्वांत आवडणारा भाग. एप्रिलात पुण्यात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, पण अंगाची लाही होते ती तीनच्या सुमारास. धूमकेतूचंही तसंच. केंद्रक स्वतःभोवती फिरतं आणि त्याचा पृष्ठभाग तापायला वेळ लागतो. त्यामुळे वायूचा जोर माध्यान्हीला नाही, 'दुपार' कलल्यावर वाढतो. तोवर ती बाजू सूर्यासमोरून पुढे सरकलेली असते, म्हणून झोत सरळ सूर्याकडे न जाता तिरका सुटतो. केंद्रक ज्या दिशेने सूर्याभोवती फिरतं त्याच दिशेने स्वतःभोवतीही फिरत असेल, तर झोत मागे सुटतो आणि धूमकेतूला पुढे रेटतो. गिरकी उलटी असेल तर झोत पुढे सुटतो आणि ब्रेक लागतो.

ब्रेक लागला की कक्षा आक्रसते, फेरी छोटी होते आणि धूमकेतू चक्क लवकर परत येतो! एन्के धूमकेतू एकोणिसाव्या शतकात सुमारे ३.३ वर्षांच्या प्रत्येक फेरीत अडीच तास आधी हजर होत असे. खगोलशास्त्रज्ञ एन्के यांना वाटलं, अवकाशात काहीतरी विरळ पदार्थ भरलाय आणि तो धूमकेतूला अडवतोय. १९५०मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी गणिताने दाखवलं, की अडवणारी ही त्याची स्वतःचीच वाफ आहे.

हेच झोत केंद्रकाची गिरकीही बदलतात. ४१पी या छोट्या धूमकेतूला मार्च २०१७मध्ये एका गिरकीला सुमारे २० तास लागत होते. मे महिन्यात त्याच गिरकीला ४६ तासांहून जास्त लागू लागले.